जिग कोणता घ्यावा? – प्रश्नपेटीतील एका चिठ्ठीचे उत्तर



विद्यालयाच्या प्रश्नपेटीतून दर शनिवारी ज्या चिठ्ठ्या निघतात, त्यांत ग्रहणाविषयी, संगणकाविषयी आणि सहामाहीच्या तारखेविषयी प्रश्न असतात. ह्या वेळी मात्र आठवीच्या एका विद्यार्थ्याची निराळीच चिठ्ठी निघाली. तो लिहितो, “सुट्टीत मी मावशीकडे अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला जाणार आहे. मावसभाऊ मला बास मासा धरायला नेणार आहे. दुकानात गेल्यावर जिग आणि ट्रेलर तूच निवड, असे तो म्हणतो. कसे निवडायचे? शिवाय त्यांच्या शेजारच्या आजोबांनी त्याला आपली जुनी पेटी दिली आहे. त्यात पुष्कळ जिग आहेत. तेच वापरले तर पैसे वाचतील ना?”

आम्ही गळ टाकणारे नव्हे. परंतु प्रश्न पेटीत आला की उत्तर द्यायचे, हा आपल्या विद्यालयाचा नियम आहे. म्हणून पुस्तके पाहिली, तिकडे राहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना विचारले, आणि लक्षात आले की चिठ्ठीतला शेवटचा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ. आधी जिग म्हणजे काय ते समजून घेऊ.

बास आणि त्याचे खाणे

आपल्याकडे रोहू-कतला ओळखीचे, बास नाही. हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्याच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत. मोठ्या तोंडाचा बास पाणवनस्पती आणि बुडालेल्या लाकडांच्या आडोशाला राहतो. लहान तोंडाच्या बासला स्वच्छ, थंड पाणी आणि दगडगोटे आवडतात. न्यू हॅम्पशायरच्या विनिपेसॉकी सरोवरात दोन्ही मिळतात.

बास लहान मासे खातो आणि क्रेफिशही खातो. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, झिंग्यासारखा, पण पुढे दोन नांग्या असलेला जीव. तो तळाशी दगडांत राहतो आणि घाबरला की शेपटी आपटून मागे सरकतो. जिग बहुतेक वेळा ह्याच जीवाची नक्कल करतो. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सारे सोपे होते.

जिग आणि ट्रेलर

जिग म्हणजे असा गळ, ज्याच्या मुंडीवर धातूचा गोळा ओतून बसवलेला असतो. गोळ्याखाली सिलिकॉनच्या बारीक पट्ट्यांची झालर असते. पाण्यात ती फुलते आणि मिटते, त्यामुळे निर्जीव वस्तू जिवंत भासते. गळाच्या टोकासमोर ताठ तंतूंचा एक छोटा झुपका असतो. तो गळाला गवतात आणि फांद्यांत अडकू देत नाही.

ट्रेलर म्हणजे गळात मागून ओवायचा मऊ प्लॅस्टिकचा तुकडा. कधी तो नांग्यांच्या आकाराचा असतो, तर कधी माशाच्या शेपटीसारखा. पूर्वी ह्या कामी डुकराच्या चामडीचे खारवलेले तुकडे लावीत. मऊ प्लॅस्टिकचा किडा १९४९ साली ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम ह्यांनी घरच्या स्वयंपाकघरात ओतून तयार केला, आणि पुढे हळूहळू चामडीची जागा प्लॅस्टिकने घेतली.

निवड करताना चार गोष्टी पाहाव्या

दुकानात शेकडो रंग आणि आकार टांगलेले असतात. तेथे उभे राहून निवड करू गेलात तर गोंधळच होईल. आधी पाणी पाहावे, मग दुकानात जावे.

*तळ कसा आहे?* ह्यावरून गोळ्याचा आकार ठरतो. तळाशी दगडगोटे असतील तर आडवा, रुंद गोळा घ्यावा. ह्याला अमेरिकन फुटबॉलच्या आकारावरून फुटबॉल जिग म्हणतात. तो फटीत सहसा रुतत नाही, आणि दगडावरून ओढताना पुढेमागे डुलतो, त्यामुळे मागच्या नांग्या वर उचलल्या जातात. गवत दाट असेल तर टोकदार मुंडीचा जिग घ्यावा. दोरी बांधायची कडी त्याच्या अगदी नाकाशी असते, म्हणून तो गवतातून सुळकन निघतो. हा तळाला न टेकवता लहान माशासारखा पोहवत आणायचा असतो.

*पाणी किती खोल आहे?* ह्यावरून वजन ठरते. जिगचे वजन औंसात सांगतात. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. दहा-बारा फुटांपर्यंत ३/८ औंस, म्हणजे साडेदहा ग्रॅमच्या आसपासचा जिग पुरतो. त्याहून खोल पाण्यात किंवा जोराच्या वाऱ्यात १/२ किंवा ३/४ औंस घ्यावा. फार हलका जिग तळाला कधी टेकला ते कळत नाही, आणि फार जड जिग दगडासारखा खाली जातो. बास पुष्कळदा जिग बुडत असतानाच तो तोंडात घेतो, म्हणून बुडण्याचा वेग महत्त्वाचा. त्या क्षणी दोरी किंचित थरथरते किंवा बाजूला सरकते. दोरीवर नजर ठेवणे हे अर्धे काम आहे.

*पाणी स्वच्छ आहे की गढूळ?* ह्यावरून रंग ठरतो. स्वच्छ पाण्यात तपकिरी किंवा भोपळ्याच्या सालीसारखा हिरवट रंग चालतो, कारण क्रेफिश तसाच दिसतो. गढूळ पाण्यात बारीक रंग दिसतच नाहीत, ठळक आकृती दिसते. म्हणून तेथे काळा-निळा. विनिपेसॉकीचे पाणी स्वच्छ असते, तेव्हा भडक रंगांवर पैसे घालवू नयेत.

*पाणी थंड आहे की कोमट?* ह्यावरून ट्रेलर ठरतो. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. थंड पाण्यात त्याचे पचन आणि हालचाल मंदावते. अशा वेळी फार न हलणारा, जाडसर, साधा ट्रेलर लावावा. पाणी तापले की नांग्या फडफडवणारा किंवा शेपूट हलवणारा ट्रेलर चांगला. ट्रेलर जितका रुंद, तितका पाण्याचा विरोध जास्त आणि जिग तितका सावकाश बुडतो. म्हणजे जिग न बदलता केवळ ट्रेलर बदलूनही बुडण्याचा वेग कमी-जास्त करता येतो. नववीच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य विज्ञानाच्या पुस्तकाशी ताडून पाहावे.

आता ती जुनी पेटी

जुन्या पेटीतले जिग जवळजवळ नक्कीच शिशाचे असणार. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे ह्या धातूला ‘सीसा’ आणि काचेला ‘शीशा’ म्हणत, आणि लहानपणी आमचा दोहोंत नेहमी घोटाळा होई. ह्या ठिकाणी घोटाळा होऊन चालणार नाही. शिसे स्वस्त, जड आणि कमी उष्णतेत वितळणारे आहे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीत वापरले गेले. पण ते विषारी आहे.

न्यू हॅम्पशायरच्या सरोवरांत लून नावाचा मोठा पाणपक्षी उन्हाळ्यात घरटे करतो. अंगावर काळे-पांढरे ठिपके, लाल डोळे आणि रात्री दूरवर ऐकू जाणारा स्वर. पक्ष्यांना दात नसतात, म्हणून लून तळाचे खडे गिळतो आणि पोटातील पेषणीत त्या खड्यांनी अन्न दळतो. खड्यांसोबत एखादा तुटून पडलेला जिग पोटात जातो, किंवा ज्या माशाच्या तोंडात जिग अडकून राहिला आहे तो मासाच लून गिळतो. पोटातील आम्लात शिसे विरघळते आणि रक्तात मिसळते. एवढा एकच लहान जिग पुरतो. पक्षी दोन ते चार आठवड्यांत मरतो. लूनची मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते आणि लून पहिल्यांदा घरटे करतो तेव्हा साधारण सहा वर्षांचा असतो. त्यामुळे एक प्रौढ पक्षी गेला की ती जागा लवकर भरून निघत नाही. ह्या राज्यात १९७५ पासून लूनच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या समितीने मेलेल्या पक्ष्यांची तपासणी केली, तेव्हा प्रौढ लूनच्या मृत्यूचे सर्वांत मोठे ज्ञात कारण मासेमारीतले शिसे हेच निघाले.

ह्यावरून तेथे कायदा झाला. २००० सालापासून तळ्या-सरोवरांत लहान शिशाच्या वजनांवर आणि जिगवर निर्बंध आले. पुढे २०१६ च्या जूनपासून १ औंस किंवा त्याहून कमी वजनाचे शिशाचे जिग गोड्या पाण्यात वापरणे आणि विकणे दोन्ही बंद झाले. आपण वर पाहिलेली सर्व वजने ह्या मर्यादेत येतात. म्हणजे ती पेटी वापरणे कायद्याला धरून नाही. वरून रंग दिलेला असला तरी आत शिसेच राहते, आणि रंग दगडावर घासून निघून जातो.

मग पर्याय काय? टंगस्टन, बिस्मथ, कथील आणि पोलाद. ह्यांत टंगस्टन महाग आहे, परंतु त्याचा एक गुण पाहा. शिशाची घनता ११.३ आणि टंगस्टनची १९.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. १४ ग्रॅमचा गोळा करायचा तर शिसे सव्वा घन सेंटिमीटर लागते आणि शुद्ध टंगस्टन पाऊण घन सेंटिमीटरहूनही थोडे कमी. गोळा लहान होतो आणि कठीण धातू असल्याने तळाचा दगड की चिखल हे हाताला अधिक स्पष्ट कळते. बिस्मथ आणि कथील शिशाहून हलके, म्हणून त्यांचा गोळा थोडा मोठा होतो, पण चालतो.

पेटी कचऱ्यात किंवा पाण्यात टाकू नये. मावशींनी ती घातक कचरा जेथे घेतात तेथे द्यावी. हाताळल्यावर हात साबणाने धुवावे. शिशाची वजने दातांनी दाबण्याची सवय काही जणांना असते, ती तर मुळीच नको.

ट्रेलरचेही दोन शब्द

मऊ प्लॅस्टिक पाण्यात विरघळत नाही. टाकून दिलेले ट्रेलर मासे गिळतात आणि ते त्यांच्या पोटात तसेच पडून राहतात. म्हणून फाटलेला ट्रेलर खिशात घालून घरी आणावा. वेगवेगळ्या प्रकारचे मऊ प्लॅस्टिक एका डब्यात ठेवू नये. काही प्रकार एकमेकांना लागून वितळतात आणि सगळ्याचा चिकट गोळा होतो.

आमचे उत्तर

तेव्हा बाळ, दगडांसाठी ३/८ औंसचा, शिसे नसलेला फुटबॉल जिग घे. रंग तपकिरी किंवा हिरवट, आणि मागे नांग्यांचा ट्रेलर. गवताच्या खाडीसाठी एक पोहवायचा जिग आणि शेपूट हलवणारा ट्रेलर. दोन जिग आणि ट्रेलरची दोन पाकिटे पुरे. पाकिटावर ‘शिसेविरहित’ असे लिहिलेले आहे का ते वाचूनच पैसे दे. सोळा वर्षांखालील मुलांना तेथे परवाना लागत नाही, पण १५ मे ते १५ जून हा बासचा अंडी घालण्याचा काळ, त्यात धरलेला प्रत्येक मासा लगेच सोडावा लागतो. चालू वर्षाचे नियम भावासोबत एकदा पाहून घे.

काही पालकांना वाटेल, शाळेच्या पत्रिकेत मासेमारी कशाला? त्यांना आमचे निवेदन असे की मुलगा जाणार आहेच, आणि त्याने विचारून जावे हे आम्हाला अधिक आवडले. शिवाय १९७२ पासून तेथील बासच्या स्पर्धांत मासा जिवंत परत सोडण्याचा प्रघात पडला आणि हौसेने बास धरणारे पुष्कळ जण आज तसेच करतात. मासा सोडताना हात ओले करून धरावा, म्हणजे त्याच्या अंगावरचा चिकट थर निघत नाही.

एक कठीण काम मात्र राहते. शेजारच्या आजोबांनी ती पेटी प्रेमाने दिली आहे. त्यांना परत करून मान दुखावू नये आणि न सांगता फेकूही नये. भावाला घेऊन त्यांच्याकडे जा, लूनची हकीकत सांग, आणि त्यांनाच विचार की मासे कुठे बसतात. इतकी वर्षे त्या पाण्यावर घालवलेल्या माणसाला ते नक्की ठाऊक असेल.

परत आल्यावर काय झाले ते प्रश्नपेटीत लिहून टाक. पुढच्या अंकात जागा ठेवतो.

– प्राचार्य