दोन सुया, एक दोरा आणि पहिलं पाकीट

कातडीकाम शिकायचं ठरवलं की पुष्कळांना थेट बॅगच करायची असते. तसं करू नये. बॅगेला वळणं असतात, बंद आणि बकलं असतात. सगळं एकदम शिकावं लागतं आणि त्यात चांगलं कातडं वाया जातं. पहिली वस्तू छोटी, सपाट आणि सरळ कडांची हवी. एटीएम कार्ड ठेवायचं पाकीट त्याला उत्तम: दोन तुकडे, तीन बाजूंनी शिवण. मापून कापणं, भोकं पाडणं, शिवणं आणि कडा घोटणं ही चारही मूळ कामं त्यात येतात.

आधी कातडं निवडू. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, दुसरं झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिननं कमावलेलं. क्रोमचं काम झटपट होतं, म्हणून बूट, पर्सा आणि सोफ्यांचं बहुतेक कातडं तेच असतं. ते मऊ असतं, हव्या त्या रंगात मिळतं. तरीही नवशिक्यानं सालीचं कातडंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. सालीच्या कातड्याची कड ओली करून घासली की तंतू दबून एकमेकांना धरतात आणि कड तुकतुकीत होते. क्रोमची कड तशी घोटली जात नाही, पिंजलेलीच राहते. ओळखायला कापलेली कड पाहावी. सालीचं कातडं आरपार तपकिरी असतं. क्रोमच्या गाभ्यात बऱ्याचदा निळसर-करडी छटा दिसते.

कोल्हापुरी चपलेचं कातडं सालीचंच. ते कमावायची जुनी रीत बघण्यासारखी आहे. कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी भरतात. ते आतून झिरपत राहतं, खाली गळलेलं पुन्हा वर ओततात. ढोर समाजातल्या कारागिरांनी हे कष्टाचं, दुर्गंधीचं काम पिढ्यानपिढ्या केलं आणि चर्मकारांनी त्या कातड्याच्या चपला घडवल्या. समाजानं वस्तू वापरल्या, माणसांना मात्र दूर ठेवलं. हौस म्हणून हे काम हाती घेणाऱ्यानं हा इतिहास माहीत करून घ्यायलाच हवा.

पाकिटासाठी साधारण १ ते १.२ मिलिमीटर जाडीचं कातडं घ्या. पाठीकडचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल आणि ताणला जाणारा. पोटाकडचा तुकडा स्वस्त मिळाला तरी टाळा.

कार्डाचं माप सगळीकडे एकच, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर. आधी पुठ्ठ्यावर १० बाय ६.५ सेंटिमीटरचा नमुना कापा आणि पुढच्या तुकड्याच्या वरच्या कडेला अंगठ्यासाठी अर्धचंद्र ठेवा, नाहीतर कार्ड बाहेर काढताना नखं लावावी लागतील. पोलादी पट्टी घट्ट दाबून धरा आणि धारदार रापीनं किंवा कटरनं हलक्या हातानं दोन-तीनदा त्याच रेषेवरून फिरवा. एका दमात कापायला गेलं की पातं सरकतं. बोथट पातं धारदार पात्यापेक्षा धोक्याचं, कारण त्याला जोर लावावा लागतो. आणखी एक: ओल्या कातड्याला लोखंड लागू देऊ नका. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा-निळा डाग पडतो आणि तो सहजी जात नाही. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांच्यापासून काळी शाई करत, ती याच क्रियेवर.

आता दोन्ही तुकड्यांच्या आतल्या बाजूला तीन कडांवर सोल्यूशनची बारीक पट्टी लावा, खिडकी उघडी ठेवून. हाताला चिकटेनासं झालं की तुकडे जुळवून दाबा. कडेपासून ३ मिलिमीटर आत रेघ ओढा. त्या रेघेवर ४ मिलिमीटर अंतराच्या तिरप्या दातांचा पंच लाकडी हातोड्यानं ठोका. पंचाचा पहिला दात प्रत्येक वेळी आधीच्या शेवटच्या भोकात बसवला की अंतर चुकत नाही.

शिवण हा या कामाचा जीव. शिलाई मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक टाका तुटला की शेजारचे सैल पडू लागतात. खोगीर शिवणारे कारागीर एकच दोरा घेतात आणि त्याच्या दोन्ही टोकांना सुई ओवतात. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात. एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे धरून राहतात. दोरा शिवणीच्या चौपट घ्या. या पाकिटाला सुमारे १ मीटर पुरतो. त्याला मधमाशीचं मेण चोळा. सुया बोथट टोकाच्याच हव्यात, म्हणजे दुसरी सुई पहिल्या दोऱ्यात घुसत नाही. पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून घ्या. पुढे प्रत्येक भोकात आधी उजवी सुई, मग डावी, आणि दोन्ही हातांनी सारखा ताण. क्रम एकदाही बदलू नका. टाके तिरके आणि एकसारखे दिसतात ते भोकांच्या तिरपेपणामुळे आणि या क्रमामुळे. शेवटी दोन-तीन भोकं उलट शिवून दोरा कापा. घाई इथेच नको. दहा टाके नीट पडले की हात आपोआप लयीत येतो.

उरल्या कडा. काठाची धार तासून गोल करा, ४०० आणि मग ६०० नंबरचा सँडपेपर फिरवा. बोटानं थोडं पाणी लावून जाड सुती कापडानं किंवा गुळगुळीत लाकडानं कड गरम होईपर्यंत घासा. वरून मेण लावून पुन्हा घासा. पाकिटाचा रंग वापरात आणि उन्हात गडद होत जाईल. तो दोष नव्हे.

यानंतर पट्टा करा, ३ ते ३.५ मिलिमीटर जाड कातड्याचा, पाठीच्या कण्याच्या दिशेनं कापलेला, म्हणजे लांबीत ताणला जाणार नाही. आणि कातडं घ्यायला धारावीला किंवा कोल्हापूरला गेलात की हे पाकीट बरोबर न्या. दुकानातल्या जुन्या कारागिराला टाके दाखवा, काय चुकलं ते विचारा, आणि त्याच्याकडून काही विकत घेताना भावात घासाघीस करू नका.