खाजेला टक्के नाहीत

ऑगस्ट २००२ पर्यंत अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या नियमांत इसबाला, म्हणजे एक्झिमाला, ५० टक्के अपंगत्व मिळवण्याची एक वाट अशीही होती: त्वचा कमालीची किळसवाणी दिसायला हवी. एक पायरी खाली, ३० टक्क्यांना, सततची खाज किंवा झिरपणारी लस, पसरलेले चट्टे, नजरेत भरणारी विद्रूपता. किळस किती, हे ठरवणार समोर बसलेला डॉक्टर. एकाचं पोट लवकर ढवळतं, दुसऱ्याचं ढवळतच नाही, आणि पेन्शन त्यावर अवलंबून!

३० ऑगस्ट २००२ पासून ती भाषा गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये नियम पुन्हा सुधारले आणि इसब, सोरायसिस यांसारख्या बहुतेक चर्मरोगांना एकच सूत्र लागू झालं. त्यात दोनच प्रश्न विचारतात. कातडीचा किती भाग बाधित आहे? आणि गेल्या १२ महिन्यांत औषध कोणतं, किती काळ घेतलं? बाधित भाग ५ टक्क्यांहून कमी आणि उपचार फक्त मलमाचा, तर शून्य टक्के. ५ पासून २० च्या आत असेल तर १० टक्के, २० ते ४० ला ३०, आणि ४० च्या वर गेला की ६०. या सूत्राची मजल तिथेच संपते. २०२५ च्या दरांनी एकट्या माजी सैनिकाला १० टक्क्यांचे महिना सुमारे १७५ डॉलर मिळत होते, ६० टक्क्यांचे सुमारे १,३९६. रक्कम करमुक्त असते.

खाज मात्र तक्त्यातून कायमची गेली. रात्र रात्र झोप नाही, पांघरुणावर रक्ताचे डाग, याला त्यात रकानाच नाही.

टक्केवारीची गंमत हातावर कळते. बोटांसकट तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का. दोन्ही तळहात भेगाळलेत, कुलपात किल्ली फिरवताना रक्त येतं, तरी सगळ्या अंगाच्या हिशेबात ते २ टक्केच. म्हणून नियमाने चेहरा, मान, हात असा उघडा भाग वेगळा मोजायची सोय ठेवली आहे. त्या मोजणीत हाच माणूस वरच्या पायरीवर जाऊ शकतो. तळपाय फुटलेल्याला ही सोय मिळत नाही. पाय बुटात असतात ना!

खरा वाद पेटला तो औषधावरून. पोटात घ्यायचं किंवा टोचायचं औषध सहा आठवड्यांपेक्षा कमी काळ लागलं तर १० टक्के, सहा आठवडे वा अधिक लागलं तर ३०, जवळजवळ सतत लागलं तर ६०. मग चट्टे किती का असेनात. पण अंगभर फासलेलं स्टिरॉइडचं मलम कशात धरायचं? माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये जॉन्सन खटल्यात सैनिकाच्या बाजूने कौल दिला. २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला, पण मलम फार मोठ्या भागावर लागलं आणि त्याचा परिणाम सगळ्या शरीरावर झाला तर गोष्ट वेगळी, अशी फट ठेवली. २०१८ च्या नियमाने तीही बुजवली: त्वचेवाटे दिलेलं औषध ते वरवरचंच. गंमत म्हणजे त्याच नियमात अतिनील किरणांचा उपचार मात्र पोटात घ्यायच्या आणि टोचायच्या औषधांच्या पंगतीत आहे. किरणं काय टोचून देतात?

एका बाबतीत हे सूत्र शहाणं आहे. ज्याचा सोरायसिस इंजेक्शनांच्या जोरावर दबलाय, त्याची कातडी तपासणीच्या दिवशी स्वच्छ दिसली तरी त्याचे ६० टक्के जात नाहीत. औषधाने बरं वाटतं म्हणजे रोग गेला असं नव्हे, हे इथे मान्य केलंय.

मलमावर भागवणाऱ्याचं मात्र तपासणीच्या तारखेवर बरंच काही अवलंबून असतं. चट्टे येतात, जातात. उन्हाळ्यात भडकणाऱ्या दुखण्याची तारीख जानेवारीत मिळाली तर डॉक्टर लिहिणार काय? पायांना चिखल्या होणाऱ्या एका सैनिकाच्या प्रकरणात, १९९४ च्या आर्डिसन निकालात, न्यायालयाने दुखणं उफाळलेलं असताना तपासणी व्हायला हवी असं म्हटलं. तसा मुहूर्त दर वेळी जुळत नाही. त्यामुळे जाणकार सांगतात, चट्टा उठला की तारखेसह फोटो काढा आणि औषधांच्या दुकानातली नोंद जपा.

भाजल्याच्या व्रणांचा तक्ता वेगळा आहे. चेहऱ्यावरचा व्रण १३ सेंटिमीटर लांब आहे का, रुंदी ०.६ सेंटिमीटर भरते का, अशा आठ खुणा तपासतात. सहा किंवा जास्त जुळल्या तर ८० टक्के. अंगभर कातडी लाल होऊन सोलवटते, ताप येतो, वजन घटतं, अशा एरिथ्रोडर्मात सततचे उपचार लागत असतील तर १०० टक्क्यांपर्यंत जाता येतं.

हे सगळं अर्थात दुखणं लष्करी नोकरीशी जोडलेलं आहे हे सिद्ध झाल्यावर. ‘सेवेमुळे झालं की सेवेमुळे बळावलं’ हा प्रश्न आपल्या लष्कराच्या मेडिकल बोर्डापुढेही असतो. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरावं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं.

अमेरिकेत एकाच दुखण्याचे ६० टक्के झाले आणि त्यामुळे पोटापुरती नोकरीही टिकत नसेल, तर १०० टक्क्यांच्या दराने भत्ता मागता येतो. तो आपोआप मिळेल या भरवशावर राहू नये. आणि निकाल पटला नाही तर निर्णयपत्राच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत दाद मागावी लागते.