तोलाची तालीम

गळीत हंगामाच्या धांदलीत व्यायामाचा विषय काढला, तर आमचे सभासद बंधू हसतील, हे आम्ही जाणून आहोत. "दिवसभर शेतात राबतोय, आम्हाला आणि कसला व्यायाम?" हा सवाल ठरलेला. तो अगदीच चुकीचा आहे असे नाही. शेतीकामाने ताकद येते, दमही येतो. पण तोल ही वेगळी चीज आहे. साठीनंतर धडधाकट माणसाला अंथरुणाला खिळवते ते पुष्कळदा एकच पडणे आणि खुब्याचे मोडलेले हाड.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात, आणि त्यांत मोठा भरणा साठी ओलांडलेल्यांचा असतो. आपल्याकडे वीज रात्रीची. म्हातारा माणूस बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला निघतो, बांध ओला, पायात झिजलेली चप्पल. भगिनींची गत निराळी नाही. गोठ्यात शेणाची निसरड, डोक्यावर पाटी, आणि पाळी गेल्यावर हाडे विरळ झालेली.

तोल तीन वाटांनी सांभाळला जातो. डोळे, कानाच्या आतील पाण्याने भरलेल्या बारीक नळ्या, आणि तळपाय व सांध्यांतून मेंदूला जाणारी खबर. सामाईक विहिरीच्या तीन भावांसारखेच हे आहे. एकाने अंग काढले की दुसऱ्यांवर भार. रात्री डोळे निकामी. चिखलात तळपायाची खबर भरवशाची नाही, आणि मधुमेह जुना असेल तर तळपाय मुळातच बधिर. राहिला एकटा कान, तोही वयाने मंदावलेला.

आता तालमीचे. पहिली गोष्ट अशी, की थोडे डगमगले पाहिजे. भिंतीला रेलून उभे राहिलात तर तोल भिंतीचा झाला, तुमचा नव्हे. उलट एकदम आधार सोडलात तर व्यायाम राहिला बाजूला, दवाखान्याची वाट धरावी लागेल. पुरलेल्या मल्लखांबावर पोरगा पक्का झाल्याशिवाय वस्ताद त्याला टांगत्या मल्लखांबाकडे नेत नाही, तोच हिशेब इथे. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभे राहावे. आधी दोन्ही पाय जुळवून, मग एक पाऊल अर्धे पुढे, मग एकाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, शेवटी एका पायावर. प्रत्येक पायरी दहा-दहा सेकंद. हातही असाच हळूहळू काढावा. आधी पंजा, मग एक बोट, मग काहीच नको. डोळे मिटून उभे राहणे सर्वांत शेवटी, आणि तेही घरातले कोणी शेजारी असतानाच.

पण नुसते बगळ्यासारखे उभे राहून भागत नाही. शरीर जे करते तेवढेच शिकते. माणूस पडतो तो वळताना, उंबरा ओलांडताना, बाजेवरून झटकन उठताना. म्हणून मागे चालणे, आडवे चालणे, वळणे, आणि हात न टेकता खुर्चीवरून उठणे हेही तालमीत हवे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने म्हाताऱ्या माणसांना घरच्या घरी पायांची ताकद आणि तोल यांचे असे व्यायाम दिले, तेव्हा पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते असे मात्र आढळलेले नाही. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस ताकद आणि तोलाचे व्यायाम करावेत, असे आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. चार दिवस करून सोडले तर कमावलेले जाते. हे पैलवानांना वेगळे सांगायला नको.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा रक्तदाबाच्या वा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना दहा सेकंद एका पायावर उभे करून पाहिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर पाचांत एकाला ते जमले नाही. वार्षिक सभेला जमाल तेव्हा हा प्रयोग आपसात करून पाहायला हरकत नाही. मात्र शेजारी मंडपाचा खांब असू द्यावा.