पापणीची काळजी

‘पापणी’ हा शब्द मराठींत दुहेरी अर्थानें चालतो. डोळ्यावर उघडझाप करणारें कातडें तीही पापणी, आणि त्याच्या कडेचे केस तीही पापणीच. संस्कृतांत मात्र पहिल्यास वर्त्म व दुसऱ्यास पक्ष्म अशीं स्वतंत्र नांवें आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत ७६ नेत्ररोग सांगितले असून त्यांपैकीं २१ एकट्या वर्त्माचे आहेत. एवढ्याशा अवयवास इतकें महत्त्व कां, हें त्याची रचना पाहिली म्हणजे ध्यानांत येतें.

शरीरांतील सर्वांत पातळ त्वचा पापणीवर असते. तिच्याखालील वर्तुळाकार स्नायु डोळा मिटतो. वरची पापणी उचलणारा स्नायु निराळा, व त्यास चालविणारा मज्जातंतुही निराळा. म्हणूनच चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असतां त्या बाजूचा डोळा उघडतो, पण नीट मिटत नाहीं. पापणीच्या आंत एक ताठ पट्टी असून तींत तेलाच्या बारीक ग्रंथि ओळीनें उभ्या असतात. हाइन्रिख मायबोम या जर्मन वैद्यानें १६६६ सालीं त्यांचें वर्णन केलें. त्यांतील तेल अश्रूंवर पसरतें व डोळा कोरडा पडूं देत नाहीं.

हें तेल पसरविण्याचें काम निमेषाचें. सामान्यतः मिनिटास सुमारें १५ वेळां पापणी लवते. परंतु वाचतांना किंवा मोबाइलकडे पाहतांना हें प्रमाण बरेंच घटतें व डोळे चुरचुरतात. नलोपाख्यानांत दमयंतीनें देवांना ओळखलें, त्यांतील एक खूण म्हणजे त्यांचे न लवणारे डोळे. आपण मर्त्य माणसांनीं देवांचें हें अनुकरण न करणेंच बरें!

नेहमीच्या विकारांत पहिली रांजणवाडी. केसाच्या मुळाशीं असलेल्या ग्रंथींत जंतूंचा शिरकाव होऊन ठणकणारी पुळी येते. कोणी लवंग उगाळून लावतो, कोणी तळहातावर बोट घासून शेकतो. शेक योग्य आहे, पण बोट स्वच्छ असतेंच असें नाहीं. त्यापेक्षां धुतलेलें फडकें ऊन पाण्यांत भिजवून पिळावें, मनगटावर टेकवून चटका बसत नाहीं असें पाहावें, आणि मिटल्या डोळ्यावर पांच ते दहा मिनिटें धरावें. असें दिवसांतून तीनचार वेळां केल्यास पुळी बहुधा आठपंधरा दिवसांत बसते. ती पिळूं मात्र नये. तेलाच्या ग्रंथीचें तोंड बुजल्यास न दुखणारी गांठ येते. तिलाही हाच शेक, पण धीर अधिक. कडांवर कोंडा धरत असल्यास शेकानंतर त्या रोज हलकेच पुसाव्या.

पूर्वी खुपऱ्यांनीं अनेकांची दृष्टि नेली. पापणी आंतून खरखरीत होऊन केस आंत वळत व बुबुळावर घासत. सार्वजनिक आरोग्यास धोका म्हणून हा रोग भारतांतून हटल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ मध्यें मान्य केलें. अशा लढ्यांत औषधाइतकीच तोंड धुण्याची संवयही कामीं येते.

आतां ज्यासाठीं हा लेखनप्रपंच, तें सांगतों. घरगुती उपायांना मर्यादा आहे. वृद्ध माणसास एकाच जागीं पुनःपुन्हां गांठ येत असेल, किंवा तेथील केस गळत असतील, तर ती तेलग्रंथीचा कर्करोगही असूं शकते. ती दुखत नाहीं म्हणूनच फसविते. अशी गांठ काढल्यास तिचा तुकडा तपासणीस पाठविण्याचा आग्रह धरावा. लहान मुलाची पापणी बाहुलीवर उतरलेली असेल, तर ‘मोठेपणीं सुधारेल’ म्हणून थांबूं नये. झांकलेला डोळा पाहावयास शिकतच नाहीं, व तें वय गेलें कीं हानि भरून येणें कठीण. पापणी सुजून ताप आला व डोळा पुढें आला, अथवा पापणी एकाएकीं पडून एकाचे दोन दिसूं लागले, तर त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें.

आमच्या वयाचीं माणसें ‘आतां हें चालायचेंच’ असें म्हणून दुखणें अंगावर काढतात. तेव्हां घरांतील मुलांनीं व सुनांनीं आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांकडे कधींमधीं उजेडांत नीट पाहावें. त्यास क्षणभर पुरतो. आणि त्या क्षणानें दृष्टि, प्रसंगीं प्राणही, वांचूं शकतो.