चिनी भाषकांचे इंग्रजी संभाषण : अडचणी आणि उपाय

प्रस्तावना :
चीनमध्ये ‘याबा यिंग्यू’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. त्याचा अर्थ ‘मुकी इंग्रजी’. शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकून, उत्तम गुण मिळवूनही परक्या माणसासमोर चार वाक्ये बोलता न येणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था या शब्दांत व्यक्त होते. २००१ मध्ये चिनी शिक्षण मंत्रालयाने तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचे धोरण जाहीर केले. तरीही ही अवस्था पुरती पालटली नाही. तिची कारणे विद्यार्थ्यांच्या आळसात नसून दोन भाषांच्या घडणीत आणि परीक्षापद्धतीत आहेत. प्रस्तुत लेखात मँडरिन या प्रमाण चिनी भाषेच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

भाषिक घडणीतील भेद :
मँडरिनमधील अक्षर स्वराने किंवा ‘न्’, ‘ङ्’ यांसारख्या मोजक्या ध्वनींनीच संपते; जोडव्यंजने तिच्यात नाहीत. त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या शेवटचे व्यंजन एकतर गळते किंवा त्याला स्वर जोडला जातो. इंग्रजीत भूतकाळाचा ‘ड्’ वा ‘ट्’ आणि अनेकवचनाचा ‘स्’ हे प्रत्यय नेमके शब्दाच्या शेवटी येतात. चिनी क्रियापदाला काळाचे विकार होत नाहीत. ‘काल’, ‘उद्या’ असे शब्द आणि ‘ले’सारखे अव्यय अर्थ स्पष्ट करतात. अशा रीतीने उच्चार व व्याकरण या दोन्ही अडचणी एकाच जागी एकवटतात.

‘तो’ व ‘ती’ या दोहोंसाठी बोलण्यात ‘था’ हे एकच रूप असल्याने व्याकरण जाणणारा वक्ताही घाईत ‘ही’ऐवजी ‘शी’ म्हणतो. ‘स्वेइरान... तान्श’ ही जोडी आपल्या ‘जरी... तरी’सारखी आहे, तिच्या प्रभावाने एकाच वाक्यात ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ एकत्र येतात. मराठी भाषक विद्यार्थ्यांकडूनही हीच चूक होते. शिवाय मँडरिनमध्ये बहुतेक अक्षरांना स्वतःचा सूर असतो, तर इंग्रजीत काही अक्षरांवर आघात पडून उरलेली दबतात. प्रत्येक अक्षर सारख्याच वजनाने उच्चारल्यास बोलणे तुटक वाटते.

परीक्षेचा प्रभाव :
१९७७ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या ‘काओखाओ’ या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत इंग्रजीला महत्त्वाचे स्थान मिळाले. परंतु बहुतेक प्रांतांत तिचा भर वाचन, श्रवण व लेखन यांवरच राहिला. विद्यार्थी चूक टाळण्यास शिकतो, बोलण्यास नाही. चुकल्यास चारचौघांत मान खाली जाईल ही भीती त्यात भर घालते.

उपाययोजना :
१) शेवटचे व्यंजन पुढील शब्दाच्या आरंभीच्या स्वराशी जोडावे. ‘वॉक्ड इन’ हे ‘वॉक्-टिन’ असे म्हटल्यास ‘ट्’ अक्षराच्या आरंभी येतो, आणि तेथे तो चिनी जिभेला अवघड नाही.
२) सुटे शब्द पाठ करण्याऐवजी नित्य वापरातील पदसमूह आत्मसात करावेत. त्यामुळे मनातल्या मनात भाषांतर करण्याची गरज कमी होते.
३) भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी पुरस्कारलेल्या पद्धतीनुसार एकच विषय तीन श्रोत्यांना अनुक्रमे ४, ३ व २ मिनिटांत सांगावा. आशय तोच राहिल्याने लक्ष प्रवाहावर केंद्रित होते.
४) स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून एका वेळी एकच दोष, उदा. भूतकाळाचा प्रत्यय, तपासावा.
५) १९७८ नंतरच्या खुलेपणाच्या काळात चिनी शहरांतील उद्यानांत आणि विद्यापीठांच्या आवारात ‘इंग्रजी कोपरे’ बहरले. अनोळखी लोक तेथे केवळ इंग्रजी बोलण्यासाठी जमत. गुणांची धास्ती नसलेली अशी जागा सरावाला अत्यावश्यक आहे.

निष्कर्ष :
संभाषणातील सफाई म्हणजे निर्दोष उच्चार नव्हे. श्रोत्याला अर्थ विनासायास कळावा एवढाच तिचा निकष. चिनी वळण पुसून टाकण्याची गरज नाही. मातृभाषा इंग्रजीपासून नेमकी कोठे वेगळी होते हे विद्यार्थ्याला उमगले, तर चुकीची लाज ओसरते, सरावाला दिशा मिळते आणि ‘मुक्या’ इंग्रजीला वाचा फुटू शकते.