मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर घरी घ्यावयाची काळजी

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण प्रत्यारोपणासाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबाद येथे जातात. शस्त्रक्रिया तेथे काही तासांत पार पडते. मात्र मिळालेले मूत्रपिंड सांभाळण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे घरीच करावे लागते. त्यासाठी रुग्ण व कुटुंबीय यांना उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे देत आहोत.

औषधे का थांबवू नयेत?

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण केले. दाता व रुग्ण एकसारखे जुळे भाऊ असल्याने शरीराने ते मूत्रपिंड परके मानले नाही. इतरांच्या बाबतीत, दाता सख्खी आई असली तरी, रुग्णाची प्रतिकारशक्ती नव्या मूत्रपिंडावर हल्ला करते. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे हा हल्ला रोखून धरतात. मूत्रपिंड कार्यरत आहे तोवर ती घ्यावीच लागतात.

घात होतो तो येथेच. काही महिन्यांनी रुग्णास बरे वाटू लागते, औषधांचा खर्च डोईजड होतो आणि गोळ्या परस्पर कमी केल्या जातात. शरीराने मूत्रपिंड नाकारण्याची क्रिया पुष्कळदा वेदनेविना सुरू होते. रक्तातील क्रिएटिनिन वाढल्याचे तपासणीतच कळते. म्हणून तपासणीची तारीख चुकवू नये. दिवसातून दोनदा घ्यावयाच्या गोळ्या बारा तासांच्या अंतराने, घड्याळ लावून घ्याव्यात. टॅक्रोलिमसची पातळी तपासावयाची असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यावी. पैशाची अडचण असल्यास संकोच न करता डॉक्टरांना व रुग्णालयाच्या समाजसेवकांना सांगावे. मार्ग शोधता येतो. गेलेले मूत्रपिंड परत आणता येत नाही.

पाणी व आहार

डायलिसिसच्या काळात घोट-घोट मोजून पाणी पिणाऱ्या रुग्णास आता भरपूर पाणी पिण्यास सांगितले जाते. नेमके प्रमाण डॉक्टर ठरवितात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना या सूचनेतील अडचण वेगळी सांगावयास नको. टंचाईतही रुग्णाच्या पिण्याच्या पाण्यात काटकसर करू नये. साठविलेले अथवा टँकरचे पाणी उकळून, निववून, झाकून ठेवावे व त्यात हात न बुडविता ओगराळ्याने घ्यावे.

गरम भाकरी, वरण, शिजविलेली भाजी हा आहार उत्तम. न तापविलेले दूध, उघड्यावरील रस व चिरलेली फळे टाळावीत. पपनस खाऊ नये. त्यामुळे टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढू शकते. काढे व जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

घर, शेत आणि गोठा

पहिले काही महिने संसर्गाचा धोका सर्वाधिक असतो. गोठा झाडणे, शेणखत हाताळणे, मळणीच्या धुळीत थांबणे या काळात वर्ज्य समजावे. भेटीस येणाऱ्यांना सर्दी-खोकला असल्यास त्यांनी दूर राहणेच खरा जिव्हाळा होय. पहिले दोन महिने पाण्याची घागर, धान्याचे पोते असे ओझे उचलू नये.

तातडीने कधी यावे?

१०० अंशांहून अधिक ताप, लघवी कमी होणे, पाय वा चेहरा सुजणे, एका दिवसात सुमारे एक किलो वजन वाढणे, ओटीपोटात मूत्रपिंड बसविलेल्या जागी दुखणे, किंवा उलट्यांमुळे गोळ्या पोटात न टिकणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी आणू नये. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने टॅक्रोलिमसची पातळी घटते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास प्रत्यारोपण झाल्याचे प्रथम सांगावे.

दात्याचाही विसर नको

मूत्रपिंड देणारी पुष्कळदा आई वा पत्नी असते, आणि घरी परतताच तीच चुलीपुढे उभी राहते. तिच्यावरही मोठी शस्त्रक्रिया झालेली आहे. तिलाही काही आठवडे विश्रांती द्यावी आणि दरवर्षी तिचा रक्तदाब, लघवी व क्रिएटिनिन तपासून घ्यावे. तिने दिलेल्या दानाचे मोल तिच्या आरोग्याची आणि रुग्णाच्या औषधांची वेळ पाळूनच राखता येईल, असे आम्हास वाटते.