कार्टून मालिकांत नवे काही उरले आहे का?

नवी कार्टून मालिका सुरू झाली की पहिल्या दोन-तीन भागांतच घरातले कोणीतरी म्हणतेच, “हे तर आपण आधी कुठेतरी पाहिले आहे!” बोलणारा बहुधा बरोबर असतो. मग प्रश्न असा पडतो की, सगळ्या कल्पना आता वापरून संपल्या आहेत काय? वहीच्या मागच्या पानांवर स्वतःची पात्रे रंगवणाऱ्या तुमच्यापैकी काहींच्या दृष्टीने हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नाही. सगळेच होऊन गेले असेल, तर आपण पेन्सिल हातात घ्यायची कशाला?

या प्रश्नावर खुद्द एका कार्टून मालिकेनेच एक भाग काढला होता. ‘साउथ पार्क’ ही प्रौढ प्रेक्षकांसाठी असलेली अमेरिकन मालिका. तिच्या जून २००२ मधील एका भागात एक मुलगा जगाचा सूड घेण्यासाठी एकामागून एक दुष्ट बेत आखतो. सूर्य झाकून टाकण्याचाही एक बेत असतो. पण प्रत्येक वेळी त्याचा साथीदार त्याला सांगतो की, हे ‘सिम्पसन्स’ने आधीच केले आहे. ‘द सिम्पसन्स’ ही मालिका डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाली आणि २००२ च्या मध्यापर्यंत तिचे सुमारे २९० भाग होऊन गेले होते. तो बिचारा मुलगा अगदी वेडापिसा होतो. त्याच भागात दुसऱ्या एका मुलाने पाळलेल्या पाण्यातल्या इवल्याशा जीवांची एक संस्कृतीच उभी राहते आणि ते जीव त्याला देव मानू लागतात. ‘सिम्पसन्स’मध्ये हेही १९९६ साली होऊन गेले होते. तिथे शाळेतल्या विज्ञान प्रकल्पासाठी एका मुलीने पेयात बुडवून ठेवलेल्या दाताभोवती चिमुकली माणसे आणि त्यांचे शहर निर्माण होते.

पण खरी गंमत पुढेच आहे. ‘सिम्पसन्स’ने तरी ही कल्पना कुठून आणली? ‘साउथ पार्क’मधली पात्रेच त्याचे उत्तर देतात: ‘ट्वायलाइट झोन’ या जुन्या मालिकेतून! तिच्या १९६२ मधील एका भागात एका अंतराळवीराला परग्रहावर मुंगीएवढी माणसे सापडतात आणि तो त्यांचा देव होऊन बसतो. त्याच्याही आधी, १९४१ मध्ये, थिओडोर स्टर्जन या लेखकाने एक विज्ञानकथा लिहिली होती. तिच्यातला शास्त्रज्ञ भराभर पिढ्या उलटणारी एक चिमुकली जमात प्रयोगशाळेत तयार करतो आणि तिच्यावर देवासारखी सत्ता गाजवतो. आणखी मागे जायचे तर १७२६ मध्ये गलिव्हर लिलिपुटात पोहोचलाच होता. म्हणजे उगम शोधायला निघावे, तर प्रत्येक झऱ्याच्या वर आणखी एक झरा सापडत जातो.

असे का होते? लेखक आळशी असतात म्हणून? काही असतीलही. पण लेखक कितीही कष्टाळू असला, तरी गणित त्याला सोडत नाही. ते कसे, ते पाहू.

जॉर्ज पोल्ती या फ्रेंच लेखकाने १८९५ मध्ये असे मांडले की, जगातल्या सगळ्या नाटकांत मिळून मूळ प्रसंग फक्त ३६ आहेत. सूड, सुटका, कोडे सोडवणे, आप्तासाठी केलेला त्याग असे. ३६ हा आकडा काही न्यूटनचा नियम नव्हे. कोणी ३० म्हणेल, कोणी ५०. आपल्या हिशोबासाठी तो तात्पुरता खरा मानू. समजा, मालिकेच्या एका भागात यांपैकी तीन प्रसंग गुंफायचे आहेत. ३६ मधून ३ निवडण्याचे प्रकार किती? ३६ × ३५ × ३४ भागिले ६, म्हणजे ७,१४०. आठवड्याला एक भाग दाखवला, तरी सगळे प्रकार संपायला १३७ वर्षे लागतील. मग काळजी कसली?

काळजी अशी की, सगळे प्रकार संपणे आणि दोन भाग सारखे निघणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एका खोलीत फक्त २३ माणसे जमली, तर त्यांतल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते. पुष्कळांना हे प्रथम खोटे वाटते. वर्षाचे दिवस ३६५ आणि माणसे फक्त २३! पण इथे माणसे मोजायची नसतात, जोड्या मोजायच्या असतात. २३ जणांच्या २५३ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी ही जुळण्याची एक संधी असते. हाच हिशोब आपल्या मालिकेला लावा. १०० भागांच्या ४,९५० जोड्या होतात. लेखकाने प्रसंग डोळे मिटून निवडले, तर १०० भागांतच कोणते तरी दोन भाग तंतोतंत सारख्या तीन प्रसंगांवर आधारलेले असण्याची शक्यता सुमारे निम्मी होते. ७,१४० पैकी फक्त १००!

आता दुसऱ्याच्या मालिकेशी टक्कर कधी होते ते पाहू. एका मालिकेचे २९० निरनिराळे भाग होऊन गेले आहेत. नव्या मालिकेचा एखादा भाग त्यांतल्या कशाशीही न जुळण्याची शक्यता सुमारे ९६ टक्के. हे दिलासा देणारे वाटते. पण ‘साउथ पार्क’चे २००२ मध्ये १७ भाग झाले. ०.९६ ला ०.९६ ने असे १७ वेळा गुणत गेलात, तर उत्तर जवळजवळ ०.५ येते. करून पाहा. म्हणजे कोणाचीही नक्कल न करता, वर्षभरात निदान एकदा तरी “हे सिम्पसन्सने केले आहे” असे ऐकून घेण्याची शक्यता नाणेफेकीइतकी! आणि हे झाले एकाच मालिकेपुरते. शिवाय खरे लेखक डोळे मिटून निवडत नाहीत. सगळ्यांना तेच दहा-बारा आवडते प्रसंग हवे असतात, त्यामुळे टकरी याहून लवकर होतात.

गणिताच्या जोडीला आपले मनही आहेच. थॉमस वॉर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्याने सांगितले की, पृथ्वीपेक्षा अगदी वेगळ्या, दूरच्या ग्रहावरील प्राण्यांची चित्रे काढा. कल्पनेला कसलीही आडकाठी नव्हती. तरी बहुतेक चित्रांत डावी-उजवी बाजू सारखी, डोळे जागच्या जागी आणि खाली पाय! याच विषयावरील १९९३ च्या एका प्रयोगात आधी काही नमुना-चित्रे दाखवली होती. त्यांतील प्राण्यांना चार पाय, मिशांसारख्या स्पर्शिका आणि शेपटी होती. नमुन्यांची नक्कल करू नका असे बजावूनही विद्यार्थ्यांच्या चित्रांत त्याच गोष्टी डोकावल्या. कल्पनाशक्ती कोऱ्या कागदापासून सुरुवात करत नाही. ती आठवणींच्या गाठोड्यातूनच सामान काढते.

इथवर वाचून तुम्ही निराश झाला असाल, तर थांबा. आपण आतापर्यंत फक्त कथानकाबद्दल बोललो. पण कार्टून म्हणजे काही नुसते कथानक नव्हे. ते हलणारे चित्र आहे, आणि माझ्या मते नवे-जुने ठरवताना लोक नेमके हेच विसरतात.

चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे दाखवतात. २२ मिनिटांच्या भागासाठी ही संख्या ३१,६८० होते. एवढी चित्रे दर आठवड्याला हाताने काढणार कोण? विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा ही जोडी १९४० पासून चित्रपटगृहांसाठी ‘टॉम अँड जेरी’ काढत होती. १९५७ मध्ये त्यांचा विभाग बंद झाला आणि ते टेलिव्हिजनकडे वळले. तिथे पैसा कमी आणि वेळ त्याहून कमी. त्यांनी काय केले? पात्राचे धड एकदाच काढायचे, ते स्थिर ठेवायचे आणि फक्त डोके किंवा हात वेगळ्या पारदर्शक पत्र्यावर काढून बदलायचे. पण मग मान आणि धड यांचा सांधा दिसेल, त्याचे काय? त्यावर त्यांनी पात्राच्या गळ्यात कॉलर किंवा टाय अडकवला. योगी बेअर या अस्वलाच्या अंगात सदरा नाही, तरी गळ्यात टाय का असतो, ते आता कळले ना? चित्र कमी हलू लागले, तेव्हा विनोद संवादांवर आणि आवाजावर आला. १९६० मध्ये त्यांनीच ‘द फ्लिंटस्टोन्स’ काढली. तिच्यातली दोन शेजारी जोडपी ‘हनीमूनर्स’ या आधीच्या विनोदी मालिकेवरून घेतलेली आहेत, हे उघड गुपित आहे. पण त्या जोडप्यांना अश्मयुगात नेऊन बसवले आणि घरातले प्रत्येक यंत्र एखादा प्राणी चालवतो असे दाखवले, ही गंमत मूळ मालिकेत नव्हती. जिवंत नटांना घेऊन ती त्या काळी साधलीही नसती.

जपानमध्ये ओसामु तेझुकाने याच अडचणीतून वेगळी वाट काढली. त्याची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. तिच्यात एकच चित्र पडद्यावर तीन चौकटी टिकवत, म्हणजे सेकंदाला फार तर आठच चित्रे लागत. २२ मिनिटांना ३१,६८० ऐवजी १०,५६०. जुनी चित्रे जपून ठेवून पुन्हा वापरण्याची सोयही त्याने केली. काटकसरीने आलेला तो अडखळता वेग आणि स्थिर चेहऱ्यावर रेंगाळणारी नजर हीच पुढे जपानी कार्टूनची ओळख बनली.

अलीकडचे एक उदाहरण देतो. ते मालिकेचे नसून चित्रपटाचे आहे, पण सांगण्याजोगे आहे. २०१८ मधील स्पायडर-मॅनच्या ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये एक मुरलेला नायक आणि एक नवशिका मुलगा बरोबर झेपावत जातात. नायकाचे चित्र चौकटीगणिक बदलते, मुलाचे मात्र दोन चौकटींना एकदा. त्यामुळे त्याची हालचाल किंचित अडखळल्यासारखी वाटते. पुढे तो शिकत जातो तशी ती गुळगुळीत होते. दोन चौकटींना एक चित्र ही युक्ती फार जुनी, पण ती पैसे वाचवण्यासाठी न वापरता ‘हा मुलगा अजून कच्चा आहे’ हे सांगण्यासाठी वापरली. याला मी नवे म्हणेन.

निसर्गातही असेच चालते. फ्रान्स्वा जाकोब या नोबेल पारितोषिक विजेत्या जीवशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये म्हटले की, उत्क्रांती ही आराखडा हाती घेऊन बसलेल्या अभियंत्यासारखी नसून हाताशी असलेल्या मोडक्या-तोडक्या वस्तूंतून काम भागवणाऱ्या खटपट्या कारागिरासारखी आहे. तुमच्या कानात आवाज पोहोचवणाऱ्या तीन इवल्या हाडांपैकी दोन हाडे आपल्या सरपटणाऱ्या पूर्वजांत जबड्याच्या सांध्याला होती. हाडे जुनीच, ऐकणे नवे.

आपल्या दादासाहेब फाळक्यांचेच पाहा. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे ठरावीक अंतराने टिपून, कित्येक दिवसांची वाढ मिनिटाभरात धावेल असा छोटा पट तयार केला. चौकटीमागून चौकट टिपण्याचे हे तत्त्व कार्टूनचेच. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथने १९१० मध्ये उमलती फुले अशीच दाखवली होती. म्हणून फाळक्यांचा पट नक्कल ठरतो का? तो पाहूनच तर त्यांना पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळाले.

अर्थात याचा आधार घेऊन कोणी दुसऱ्याचे पात्र जसेच्या तसे उचलू नये. लेखाधिकाराचा कायदाही हाच फरक करतो. ‘चिमुकल्यांचा देव झालेला माणूस’ ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. पण ती ज्या शब्दांत, ज्या चित्रांत मांडली, ते शब्द आणि ती चित्रे त्या कर्त्याची असतात.

शिक्षकांना वर्गात करता येईल असा एक प्रयोग सांगतो. बारा चिठ्ठ्यांवर बारा प्रसंग लिहा: हरवलेली वस्तू, मोडलेले वचन, अनोळखी पाहुणा, चुकीचा संशय, असे काहीही. प्रत्येक विद्यार्थ्याने तीन चिठ्ठ्या काढायच्या, गुपचूप टिपून घ्यायच्या आणि परत ठेवायच्या. प्रकार २२० होतात, तरी ४० जणांच्या वर्गात कोणा दोघांच्या तिन्ही चिठ्ठ्या जुळण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून अधिक आहे. याद्या तपासून ती जोडी शिक्षकांनी मनातच ठेवावी. मग सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्यांवरून सहा चौकटींची चित्रकथा काढायची. चित्रकथा भिंतीवर लावा आणि एकाच चिठ्ठ्यांवरून निघालेल्या दोन कोणत्या, ते वर्गाला ओळखू द्या.